सूज शरीराची, मालकी कोणाची?

शरीरात जंतू शिरले की संरक्षक पेशी ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ नावाचे प्रथिन स्रवतात. त्यामुळे उंदरांतील अर्बुदे नष्ट होतात असे न्यूयॉर्कच्या संशोधकांना १९७५ साली आढळले, म्हणून हे नाव. क्षयाच्या जंतूंना फुप्फुसात कोंडून ठेवणारा पहारेकरी तोच. पण हाच पहारेकरी घरच्यांवर उलटला की सांधे सुजतात, हाडे झिजतात आणि संधिवाताचा रुग्ण अंथरुणाला खिळतो.

या प्रथिनाला आवर घातला तर संधिवात हटतो, हे १९९० नंतरच्या दशकात लंडनच्या केनेडी संस्थेत मैनी व फेल्डमन यांनी दाखवून दिले. ती संस्था धर्मादाय निधीवर उभी होती. ‘ह्युमिरा’ हे औषध ज्या तंत्रातून निघाले, ते केंब्रिजच्या सरकारी प्रयोगशाळेत ग्रेगरी विंटर यांनी विकसित केले. त्याबद्दल त्यांना २०१८ चे नोबेलही मिळाले. आणि तरीही मक्तेदारीवाचून संशोधन होत नाही, असे भांडवलशाहीचे भाट सांगतच असतात!

मक्तेदारीने काय केले? २०२१ च्या अमेरिकन संसदीय चौकशीप्रमाणे ह्युमिराची किंमत २७ वेळा वाढवण्यात आली. वर्षाचा खर्च ७७ हजार डॉलरांवर गेला. औषध मात्र तेच होते. मूळ पेटंट २०१६ मध्ये संपले, पण शंभरावर दुय्यम पेटंटांचे कुंपण उभे होते. युरोपात प्रतिस्पर्धी औषधे २०१८ मध्ये आली, अमेरिकेत २०२३ उजाडले.

अहमदाबादच्या एका कंपनीने डिसेंबर २०१४ मध्येच हे औषध अमेरिकेतील दराच्या पंचमांश किमतीत, सुमारे दोनशे डॉलरांना, बाजारात आणले. ही मोठी गोष्ट खरी. पण सुई दर पंधरवड्याला घ्यावी लागते, आणि तीही वर्षानुवर्षे. शेतमजूर बाईने दोनशे डॉलर महिन्यातून दोनदा कोठून आणावेत? देशी भांडवलदाराने परदेशी भांडवलदाराला पाडले, एवढ्याने तिच्या बोटांची सूज उतरत नाही. सर्पदंशावरील प्रतिविष बनवणाऱ्या हाफकिनसारख्या सरकारी संस्थेला अशा औषधांसाठी यंत्रसामग्री व पैसा दिला पाहिजे, ही मागणी म्हणूनच रेटावी लागेल.

शिवाय पहारेकऱ्याला झोपवले की कोंडलेला क्षय उठतो. २००१ मध्येच या जातीच्या पहिल्या औषधावरील ७० क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली होती. घरोघरी क्षय असलेल्या या देशात पहिल्या सुईआधी छातीचे चित्र आणि क्षयाची चाचणी हवी, नंतर सतत देखरेख हवी. कंपनी सुई विकून मोकळी होते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात क्ष-किरण यंत्र चालू आहे की नाही, हा प्रश्न तिच्या ताळेबंदात येत नाही.