आधी ट्रेलरखाली आडवे व्हा

जुना ट्रेलर बघायला गेलात की निदान पहिला अर्धा तास आत पाऊल टाकू नका, असं माझं ठाम मत आहे. आत गेलात की संपलंच. आत पांढराशुभ्र रंग, पिवळ्या दिव्यांची माळ, इवलंसं सिंक, गादीवर विणकामाची उशी. इन्स्टाग्रामवर महिनोन्‌महिने बघितलेलं सगळं तिथे तयार असतं, आणि माणूस मनातल्या मनात पहिल्या सहलीची जागा ठरवून मोकळा होतो. इथे अमेरिकेत घर घेताना इन्स्पेक्टर लावणारे, साधा फोन घेताना चाळीस रिव्ह्यू वाचणारे आपले आयटीवाले मित्र पन्नास-साठ वर्षांच्या ट्रेलरसमोर मात्र अगदी लहान मूल होतात.

माझं भांडण जुन्या ट्रेलरशी नाही, त्या पांढऱ्या रंगाशी आहे. १९६०च्या आसपासचे ते गोलसर, हॅमच्या डब्यासारखे दिसणारे छोटे ट्रेलर घ्या. शास्ता हे त्यातलं गाजलेलं नाव, मागे छोटे पंख असलेलं. पंख गोड आहेत, कबूल. पण बांधणी काय? लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या कडेतून पाणी शिरतं. पत्रा चमकत राहतो आणि आतलं लाकूड कुजत राहतं. मूळ तपकिरी प्लायवूडवर त्या पाण्याचे काळे डाग उमटतात. ते डाग म्हणजे त्या ट्रेलरचा मेडिकल रिपोर्ट. 'रिनोव्हेशन' करणारा नेमका तोच रिपोर्ट रंगवून टाकतो आणि वर त्याचेच जास्त पैसे मागतो! म्हणून मी म्हणतो, कळकट, डागाळलेला, कुणी हात न लावलेला ट्रेलर घ्या. तो निदान खोटं बोलत नाही.

एअरस्ट्रीमवाल्यांनीही फार खूश होऊ नये. रिव्हेट मारलेलं अ‍ॅल्युमिनियम कुजत नाही हे खरं, पण जुन्या एअरस्ट्रीमची जमीन प्लायवूडची असते. दाराजवळ आणि मागच्या कोपऱ्यांत बारीक स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. लोण्यात शिरावा तसा शिरला तर समजा. मग मागच्या बंपरवर उभे राहून जरा उड्या मारा. बंपर खाली जातोय आणि वरची बॉडी जागेवरच आहे, असं दिसलं तर शेल फ्रेमपासून सुटलंय. हे काम रविवारच्या दुपारी उरकण्यातलं नाही, जमीन उखडावी लागते. एअरस्ट्रीमच्या अ‍ॅक्सलमध्ये स्प्रिंगऐवजी रबर असतं, तेही म्हातारं होतं. रिकाम्या ट्रेलरच्या चाकाचा दांडा खाली झुकलेला हवा. आडवा किंवा वर गेलेला असेल तर अ‍ॅक्सलचा खर्च धरूनच भाव करा.

टायरची नक्षी बघून भुलू नका. ट्रेलर वर्षानुवर्षं अंगणात उभा असतो, नक्षी कोरी राहते आणि रबर तडकतं. डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. असा टायर हायवेवर फुटला की मागच्या सीटवर कोण बसलंय हे तो विचारत नाही.

बाकी गोष्टी पटकन. गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी. फ्रिजच्या मागे पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास असेल तर फ्रिज मेला. चेसिसवरचा नंबर टायटलवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. आणि भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार तुमच्या गाडीच्या हुकावर येतो. तो तिला झेपतो का, हे विकणाऱ्याला नाही, गाडीच्या मॅन्युअलला विचारा.

"एवढं तपासत बसलं तर मजाच जाते," असं एक मित्र मला म्हणाला. कुणाची मजा? सिलिकॉनचे थर फासून, वर रंग मारून विकणाऱ्याची तर अजिबात जात नाही. "कधीच गळला नाही" हे वाक्य मी प्रत्येक विकणाऱ्याकडून ऐकलंय, अगदी ज्याच्या छतावर ताडपत्री होती त्याच्याकडूनसुद्धा. म्हणून बघायला जायचं ते मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, न लाजता सगळी कपाटं उघडायची आणि कोपऱ्यांत नाक खुपसायचं.

हल्ली कुणी ट्रेलरचा फोटो पाठवून "घेऊ का?" विचारलं, की मी खालून काढलेला फोटो मागतो. बहुतेकदा तो येत नाही.