उपचाराला अब्जावधी, संशोधनाला किती?

नोव्हेंबर १९७१. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे शेप ग्लेझर या रुग्णाने साक्ष दिली, तीही डायलिसिस यंत्राला जोडलेल्या अवस्थेत. पुढच्याच वर्षी कायदा झाला. मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुतेक अमेरिकी रुग्णांच्या उपचाराचा भार, वय कितीही असो, ‘मेडिकेअर’ या सरकारी आरोग्य विमा योजनेने उचलला.

विजय मोठाच होता. पण यंत्रासाठी पैसे मिळाले, यंत्राची गरजच संपवू शकेल अशा संशोधनाचे मात्र अडले. २०१५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी मूत्रपिंडविकारांच्या संशोधनाला सुमारे ५६ कोटी डॉलर दिले. मेडिकेअरचा या रुग्णांवरचा वार्षिक खर्च तेव्हा ३,००० कोटी डॉलरच्या पुढे होता.

ही तफावत अस्वस्थ करणारी आहे. ती लोकप्रतिनिधींच्या कानी सतत घालण्याचे काम १९६६मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने केले. नुसती निवेदने देऊन ती थांबली नाही. तिचे प्रतिष्ठान तरुण संशोधकांना अनुदान देते. २०१८मध्ये तिने केंद्रीय आरोग्य खात्याच्या साथीने ‘किडनीएक्स’ हा उपक्रम सुरू केला आणि स्वतः अडीच कोटी डॉलर देण्याचे वचन दिले. कृत्रिम मूत्रपिंडासारख्या कल्पनांना यातून बक्षिसे मिळतात. पुढे काँग्रेसनेही २०२०साठी ५० लाख डॉलर मंजूर केले. रक्कम तुटपुंजी, पण सरकारी तिजोरीचे दार उघडले ते डॉक्टरांच्या चिकाटीमुळे.

भारतात २०१६पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. इथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनांनी डायलिसिस केंद्रांइतकाच आग्रह आता प्रयोगशाळांसाठीही धरावा.