केक शिकवलात, आता हिशोबही शिकवा

आठ मार्च जवळ आला की वॉर्डावॉर्डात फ्लेक्स लागतो. 'महिलांसाठी मोफत केक प्रशिक्षण शिबिर'. वर नेत्यांचे हसरे फोटो, खाली 'नाश्त्याची सोय आहे'. दोन दिवसांत स्पंज, आयसिंग, क्रीमचे गुलाब शिकवतात, प्रमाणपत्र देतात, ग्रुप फोटो होतो. शिबिराला माझा विरोध नाही. पण तिथून बाहेर पडलेल्या किती जणींचा धंदा दोन वर्षांनी चालू आहे, हे विचारायला कुणी परत जात नाही.

माझं मत सरळ आहे. घरगुती केकचे बरेच धंदे हिशोबात बसतात, चवीत नाही. आणि त्या हिशोबातली सगळ्यात मोठी गडबड म्हणजे बाईच्या वेळेची किंमत शून्य धरलेली असते.

साधं गणित करू. आकडे समजा म्हणून घ्या, आपल्या गावच्या भावाने बदला. अर्धा किलोचा केक. प्रीमिक्स, क्रीम, चॉकलेट, साखर मिळून 170 रुपये. डबा, बोर्ड, टॉपर 35. ओव्हन तापायला आणि भाजायला धरून वीज 15. उरलेलं क्रीम, बिघडलेला एखादा स्पंज याचे 20. झाले 240. विकला 400 ला. ताई खूश, 160 रुपये सुटले!

आता वेळ मोजा. सामान आणणं, भाजणं, थंड करणं, आयसिंग, भांडी घासणं आणि 'दादाच्या नावात दोन ए टाका हं' असे व्हॉट्सॲपवरचे वीस मेसेज. तीन तास कुठेच गेले नाहीत. म्हणजे तासाला 53 रुपये. त्यात शेजारच्या काकू म्हणतात, "घरीच तर करतेस, 350 ला दे की." दिला. उरले 110, तासाला 37. द्यायला गेलेल्या गाडीचं पेट्रोल अजून धरलेलंच नाही. विजेचंही तसंच. घरगुती मीटरवर 100 युनिटच्या पुढे गेलं की वरच्या युनिटचा दर बराच चढतो. ओव्हनमुळे वाढलेलं ते बिल घरखर्चात जातं, धंद्याच्या वहीत येत नाही.

बेकरीवाला मालाच्या किमतीत भाडं, कारागिराचा पगार, सगळं धरतो. त्याच्याशी आपण घासाघीस करत नाही, गुपचूप पैसे देतो. घरच्या बाईकडे मात्र दर पाडून मागतो, वर 'तेवढाच तुझा टाइमपास' म्हणतो. रात्री बारापर्यंत उभं राहून केलेल्या कामाला टाइमपास म्हणायची सवय आपण सोडली पाहिजे.

बाईच्या कामाचे पैसे मोजायची रीत आपल्याकडे नवी नाही. 1959 साली मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. पुढे काम वाढलं तसं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे, अशी पद्धत बसली. पापड घरातच लाटले जात, पण वणाईचे पैसे किलोवर मोजून मिळत. माल तपासूनच घेतला जाई. लाटणाऱ्या हाताची मजुरी किमतीत पहिल्यापासून धरलेली होती. म्हणून ते टिकलं.

मग शिबिरात तिसरा दिवस वाढवा. त्या दिवशी ओव्हन बंद, वही उघडी. किंमत कशी काढायची, स्वतःची मजुरी कशी धरायची, निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय ऑर्डर का घ्यायची नाही, हे शिकवा. एफएसएसएआयची नोंदणी तिथेच बसून करून द्या. घरून खाद्यपदार्थ विकायचे तरी ती लागते. लहान धंद्याला तिची सरकारी फी वर्षाला फक्त 100 रुपये आहे, एजंट मात्र त्याचेच हजार-दोन हजार सांगतात. उद्यम नोंदणी तर फुकट होते. मुद्राच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्याचा अर्ज भरायला शिकवा. आणि एक बारीक गोष्ट तपासा. केक ताईचा, पण क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा? बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्या. पैसे तिच्या खात्यात आले तरच बँकेला तिचा धंदा दिसेल.

भगिनींनो, तुम्हालाही एक सांगणं. पन्नास प्रकारांचा मेनू ठेवू नका. गल्लीत सहा जणी चॉकलेट ट्रफल करत असतील तर तुम्ही नानकटाई करा, गव्हाची बिस्किटं करा, रोजच्या चहाचा साधा केक करा. वाढदिवस वर्षातून एकदा येतो, चहा रोज दोनदा होतो. शेजारणीपेक्षा 50 रुपये कमी करून ऑर्डर ओढू नका. त्यात ती बुडते, मागोमाग तुम्हीही.

आणि आपण गिऱ्हाईक मंडळी. पुढची ऑर्डर देताना 'कमी कर ना' म्हणायच्या आधी तीन तास आठवा. परवडत नसेल तर लहान केक घ्या, पण सांगितलेली किंमत द्या.

यंदा कुणाच्या वॉर्डात शिबिराचा फ्लेक्स लागला, तर आयोजकांना एवढंच विचारा, हिशोबाचा दिवस कुठला? उत्तर काय मिळतं ते खाली लिहा.