कोलाडची होडी आणि भावजींची बाटली

मैत्रिणींनो, सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आधी काय येतं? नदी नाही, डोंगर नाही, डबे येतात! किती भाकऱ्या थापायच्या, चटणी सांडणार नाही असा डबा कुठला, आणि परतल्यावर घासायचा ढीग केवढा. म्हणूनच जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या ह्यांच्या मित्रमंडळींनी कोलाडला राफ्टिंगला जायचा बेत केला, तेव्हा मी "तुम्हीच या जाऊन" म्हणून मोकळी झाले होते. पण शेजारच्या वहिनी कसल्या ऐकतात! "त्यांनी लाटांवर डुलायचं आणि आपण घरी वाल सोलत बसायचं? मी तर बाई येणार," म्हणाल्या. मग मीही निघाले.

आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांना कुंडलिका माहीत असते ती खाडी म्हणून. रेवदंड्याच्या पुलावरून दिसणारं ते रुंद, संथ पाणी आणि पलीकडे कोर्लईचा किल्ला. हीच नदी वर कोलाडजवळ दगडांतून उसळत येते, हे ऐकून ठाऊक असलं तरी खरं वाटत नाही. गंमत म्हणजे ते उसळणारं पाणी मुळात तिचं नाहीच. घाटमाथ्यावर मुळशीला मुळा नदी अडवली आहे. तिचं पाणी एरवी भीमा-कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जायचं. ते बोगद्यातून आणि मोठाल्या नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात आणि वीज झाली की कुंडलिकेत वाहू देतात. भिऱ्याचं वीजघर सुरू झालं 1927 साली. ह्याच धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 पासून मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. त्यांची गावं पाण्याखाली गेली आणि त्याच पाण्यावर आज आपण मौजेनं तरंगतो. पाणी अंगावर उडताना एवढं आठवलं तर बिघडत नाही.

ह्या सगळ्याचा आपल्याशी संबंध असा, की मे महिन्यात इतर नद्यांचे दगड उघडे पडतात तरी इथे पाणी असतं. पण ते वीजघराच्या सोयीनं येतं. बहुतेक सकाळी सोडतात, म्हणून राफ्टिंगही सकाळीच. आता कोरडा दिसणारा खडक तासाभरानं पाण्यात असू शकतो. तेव्हा नदीच्या पात्रात सतरंजी अंथरून जेवायला बसू नका, सावली कितीही छान असो. काठावर, उंचावर बसा.

कपड्यांचं सांगते. साडी नको, ओढणी तर मुळीच नको. सलवार-कुडता चालेल, पण पटकन वाळणाऱ्या कापडाचा. सुती कपडा भिजला की जड होतो आणि जानेवारीच्या सकाळी अंगाला चिकटून हुडहुडी भरवतो. काचेच्या बांगड्या घरी ठेवा. मंगळसूत्राबद्दल आमच्या गाडीत रोह्यापर्यंत चर्चा चालली! मी आदल्या रात्रीच कपाटात ठेवलं होतं, वहिनींनी कुडत्याच्या आत पिनेनं अडकवलं. दोघींचेही नवरे सुखरूप आहेत. चष्म्याला मागून नाडी बांधा. निघण्याआधी पोटभर खाऊ नका. एखादं केळं, चार घास पोहे पुरेत.

आणि जाकीट. ते बांधल्यावर कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. जाकीट कानांपर्यंत आलं, तर पट्टे सैल आहेत. तराफ्यातून पडलात तर उभं राहायला जायचं नाही. वाहत्या पाण्यात पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि वरून पाणी आपल्याला आडवं करतं. पाठीवर पडायचं, पावलं पुढे वाहत्या दिशेला, अंगठे पाण्याबाहेर. गाईडनं हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसत होतो. पहिल्या लाटेनं हसू थांबवलं. पण खरं सांगू? दुसऱ्या लाटेला मी जी ओरडले, तशी लग्नानंतर ओरडले नव्हते. एरवी मी ओरडते ती पोरांवर. हे ओरडणं निराळं होतं. खाली उतरले तेव्हा हात थरथरत होते आणि पुन्हा वर जाऊन बसावंसं वाटत होतं.

तिथवर सारं उत्तम. पुरुषमंडळीही सकाळी शहाण्यासारखी वागली, कारण गाईडचा दरारा. जेवणानंतर मात्र गाडीतून थंड पेटी निघाली. दुपारी पाणी संथ असतं, कॅनू म्हणून लांबट निमुळत्या होड्या भाड्यानं मिळतात, त्यांतून आरामात फिरायचं आणि सोबत बिअर, असा तो बेत होता. आम्हाला आधी सांगितलेलाच नव्हता.

बिअर म्हणजे काही दारू नव्हे, हा तमाम पुरुषांचा लाडका सिद्धांत. मी हिशेबाची बाई, बाटलीवरचा आकडा वाचला. 650 मिलिलिटरची 5 टक्क्यांची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे अडीच लहान पेग. आणि 8 टक्क्यांची 'स्ट्राँग' असली तर चार. ती पोटात गेली की अंग गरम वाटतं, पण प्रत्यक्षात कातडीतून ऊब बाहेर जात असते. तोल सुटतो, आणि तो सुटलाय हे कळणारी अक्कलच आधी सुटते.

सकाळी तराफ्यात लहान मुलांना घेत नाहीत, म्हणून आमचा नऊ वर्षांचा चिरंजीव काठावर बसून होता. त्याला कॅनूचं वचन मिळालेलं. जाकीट घालून तयार! शेजारचे भावजी दुसरी बाटली हातात घेऊनच म्हणाले, "चल रे, माझ्या होडीत." मी म्हटलं, "तो येणार नाही."

हे म्हणाले, "अगं, कमरेएवढं पाणी आहे."

"असू दे. प्यायलेल्या माणसाबरोबर नाही."

सगळे गप्प झाले. प्यायलेला हा शब्द त्या मंडळीत कुणी उच्चारला नव्हता. मुलगा रडला, भावजींचा चेहरा उतरला, वहिनी डबे पुसत राहिल्या. मला अगदी नको झालं होतं. तरी मी त्याचा हात सोडला नाही.

कॅनू काठापासून वीस-पंचवीस हातांवर उलटली. फार काही झालं नाही. भावजी पाण्यातून हसत वर आले, काठावरचेही हसले. पण होडीची कड धरायला त्यांनी हात टाकला तो दोनदा रिकामा पडला, आणि काठ कुठल्या बाजूला आहे तेच त्यांना क्षणभर उमगेना. जाकिटाचे पट्टे सुटे होते. ह्यांनीही ते पाहिलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे दुसरीकडे बघत होते.

परतीच्या वाटेवर रेवदंड्यापर्यंत मुलगा माझ्याशी बोलला नाही. बाप-लेक दोघंही, खरं तर.

अशा वेळी काय करावं, असं मला विचाराल तर बेत ठरतानाच विचारा, काठावर भांडायची पाळी येऊ देऊ नका. पेटी येणार आहे का? येणार असेल तर सकाळी पाणी, संध्याकाळी पेटी, आणि परतताना गाडी न प्यायलेल्याच्या हातात. रिकाम्या बाटल्या मोजून गोणीत भरून आणा. नदीत फुटलेली काच दिसत नाही आणि अनवाणी पोरांना ती बरोबर सापडते.

आठवड्यानं वहिनी वालाच्या शेंगा घेऊन आल्या. दोघींनी पोपटी लावायचं ठरवलं. भांबुर्डीचा पाला त्या आणणार, मडकं माझं. "ह्यांनी विचारलंय, चिरंजीव येणार ना?" एवढंच म्हणाल्या. मी हो म्हटलं. भांबुर्डीचा पाला ताजाच हवा बरं का, आणि मडक्याच्या तळाशी तो भरपूर अंथरा, नाहीतर शेंगा करपतात.