२० वर्षं म्हणजे नक्की किती?

पवनार म्हटलं की धाम नदी, विनोबांचा आश्रम आणि सूतकताई आठवते. मला चरख्यावरून संख्याशास्त्रही आठवतं! हसू नका मंडळी, ऐका तर...

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. किंमत १५० रुपयांच्या आत, ८ तासांत १६,००० फूट सूत आणि वेळच्या वेळी देखभाल केली तर किमान २० वर्षं टिकणार, अशा अटी. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

पण "२० वर्षं" म्हणजे काय? सरासरी २०, की दहातले नऊ चरखे २० वर्षं पार करतील? फरक प्रचंड आहे. बिघाड वयाशी संबंध न ठेवता, निव्वळ योगायोगाने होत असेल, तर सरासरी २० असूनही तोवर १०० पैकी ६३ चरखे बंद पडतात. दहातले नऊ टिकवायचे तर सरासरी हवी १९० वर्षं!

स्वीडनच्या वालोदी वायबुल यांचा १९५१ सालचा निबंध इथे कामी येतो. त्यांच्या सूत्रात एक अंक असतो. तो १ पेक्षा कमी असेल तर दोष घडणीतच, बिघाड सुरुवातीलाच. १ असेल तर योगायोग. जास्त असेल तर झीज. अंक ३ धरला, तर वरची अट सरासरी ३८ वर्षांतच भागते.

याचा उपयोग? आपल्याकडे ऐन ओलिताच्या वेळी विहिरीवरची मोटर जळते आणि पीक वाळायला लागतं. मग सल्ला मिळतो, "जुनी झाली, आधीच बदलायची होती." झीज असेल तर सल्ला बरोबर. पण कारण योगायोग असेल, तर चालती मोटर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. नवीही तितकीच बेभरवशाची!

हे ठरवायला वही लागते. मेकॅनिककडे फक्त बिघडलेल्या मोटरी येतात. तेवढ्यांचीच सरासरी काढली तर आयुष्य उगाच कमी दिसतं. न बिघडलेल्यांचं वयही हिशेबात धरायला हवं.

म्हणून माझं मत साधं आहे. वॉरंटीच्या कागदावर वर्षांसोबत "शंभरातल्या किती टिकतील" हेही छापलं पाहिजे. आणि आपण मोटर बसवल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. खडू पुरतो त्याला.

असो. तुमच्या घरची सगळ्यात जुनी, अजून चालणारी वस्तू कोणती? वयासकट कळवा.