दारासमोरची तीन फूट जागा



गेल्या पावसाळ्याच्या आधी एका रविवारी आमच्या ओळखीतले एक दादा वहिनींना घेऊन घरी आले. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. फंडाच्या पैशातून रस्त्याकडेला लहानसा प्लॉट घेऊन घर बांधलेले. चहाला हात न लावता म्हणाले, "भाऊ, उद्या गवंडी येतोय. दारासमोरची चार फूट जागा माझी. रिक्षावाले तिथे रिक्षा लावतात, मागच्या वस्तीतले सगळे तिथूनच जातात. भिंतच घालून टाकतो."

मी विचारले, "मोजणी केली का?"

"सातबाऱ्यावर माझे नाव आहे की!"

इथेच आपली माणसे फसतात. सातबारा किंवा मिळकत पत्रिका नाव आणि क्षेत्र सांगते. जमिनीवर हद्द नेमकी कुठे संपते, हे मोजणीनेच कळते. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून फी भरावी लागते. दादांनी गवंड्याला थांबवले. मोजणी झाली, तेव्हा चार फुटांपैकी तीन फूट दादांची आणि एक फूट रस्त्याची निघाली. भिंत आधी घातली असती तर अतिक्रमण दादांचेच ठरले असते!

आता प्रश्न वाटेचा. मागच्या वस्तीतल्या मावशी माझ्याकडे आल्या. "भाऊ, पोरं शाळेत कुठून जातील? रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायची तर कुठून?" त्याही आपल्याच. वस्तीही कष्टकऱ्यांची आणि दादाही कष्टकरीच.

कायदा काय म्हणतो? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे शेजाऱ्याने दुसऱ्याच्या जमिनीतून २० वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वहिवाट केली, तर त्याला वाटेचा हक्क मिळू शकतो. परवानगी घेऊन गेलेल्याला असा हक्क मिळत नाही. मालकाने वाट कायमची लोकांसाठी सोडली असे त्याच्या वागण्यावरून दिसले, तर ती सार्वजनिकही ठरू शकते. पण वाट म्हणजे जाण्यायेण्याचा हक्क. तिथे रिक्षा उभी करण्याचा नव्हे. गावाकडे शेतात जाण्याची वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते.

दादांच्या आधीच्या मालकाने ती वाट कधी अडवली नव्हती. चार बैठका झाल्या. शेवटी असे ठरले की चालण्याची वाट खुली राहावी, कडेला दादांनी दगड रोवावेत आणि रिक्षा लागू नयेत. तसा समजुतीचा कागद केला, दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. दादा अजून कुरकुरतात. वहिनी मात्र संध्याकाळी त्याच दगडावर बसून मावशींशी बोलताना दिसतात.

मालकाचे दुःखही खोटे नसते. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ साली एका निरक्षर बाईंच्या जमिनीतून सरकारने रीतसर संपादन न करता रस्ता काढला. त्यांना मोबदला मिळावा असा सुप्रीम कोर्टाचा आदेश झाला तो ८ जानेवारी २०२० रोजी. इतकी वर्षे ताबा आहे म्हणून जमीन आमची झाली, हे सरकारचे म्हणणे कोर्टाने मानले नाही. घटनेचे कलम ३००-अ सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. ते कलम गरिबाच्या तीन फुटांनाही लागू आहे.

पण 'खासगी' हा शब्द आपण जपून वापरावा. महाडचे चवदार तळे खासगी आहे, असेच बाबासाहेबांविरुद्धच्या १९२७ च्या दाव्यात सांगितले गेले होते. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. ज्यांना पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांनी शेजाऱ्याची वाट अडवताना दहा वेळा विचार करावा.

म्हणून सांगतो. जागा घेताना खरेदीखत वाचा, मोजणी करून घ्या, दारावरून कोण जाते-येते ते आधी पाहा. पुढे वाद झालाच तर गवंड्याच्या आधी शेजाऱ्याला बोलवा.