घर असलेल्यांचे घरभाडे

मानवत नगरपरिषदेच्या हद्दीत पंतप्रधान आवास योजनेसाठी अर्ज करणाऱ्या हमालाला किंवा जिनिंगमधील मजुराला शासन सर्वांत आधी एकच गोष्ट विचारते : तुमच्या, तुमच्या पत्नीच्या किंवा अविवाहित मुलांच्या नावावर देशात कोठेही पक्के घर आहे काय? नसल्याचे त्याने लिहून द्यावयाचे. त्यानंतर जागेची कागदपत्रे द्यावयाची आणि मंजुरी मिळालीच तर बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह निघाल्यावर पुढच्या हप्त्याची वाट पाहावयाची. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, अशा अडीच लाखांसाठी २०१५ पासून हा खटाटोप चालत आला आहे. सार्वजनिक पैसा ज्याला खरोखर गरज आहे त्यालाच मिळावा, या तत्त्वाला समाजवादी माणूस आक्षेप घेणार नाही. आक्षेप आहे तो हे तत्त्व कोणाला लागू होते आणि कोणाच्या दाराशी येऊन थबकते, यासंबंधी.

गावात गेले की हीच तपासणी अधिक काटेकोर होते. २०१६ साली ग्रामीण आवास योजना सुरू झाली तेव्हा ज्याच्या घरी दुचाकी असेल, फ्रीज असेल, तारेचा दूरध्वनी असेल, किंवा ज्याच्या कुटुंबातील एखादी व्यक्ती महिन्याला दहा हजारांहून अधिक मिळवीत असेल, त्याचे नाव यादीतून वगळण्याचे निकष होते. कर्जाच्या हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलवरून मानवतच्या बाजारात भाजी आणणारा अल्पभूधारक या हिशेबाने सुखवस्तू ठरला! दुचाकी, फ्रीज आणि दूरध्वनी यांच्या अटी अखेर २०२४ मध्ये काढण्यात आल्या व उत्पन्नाची मर्यादा पंधरा हजारांवर नेण्यात आली. मधल्या आठ वर्षांत त्या अटींपायी किती कुटुंबे कुडाच्या भिंतींतच राहिली, याचा हिशेब मागण्याची तसदी विधिमंडळातील फारशा कोणी घेतली नाही.

आता याच तालुक्यातील दुसरे चित्र पाहावे. एखादा शासकीय कर्मचारी तालुक्यातील एका खेड्यात नेमलेला आहे असे समजू. कागदोपत्री तो त्या खेड्यात राहतो. मानवत शहरात त्याचे स्वतःचे घर आहे आणि ते त्याने भाड्याने दिले आहे. प्रत्यक्षात तो मुलांच्या शिक्षणासाठी परभणीला बिऱ्हाड करून आहे. म्हणजे माणूस एक आणि घरे तीन : एक दाखल्यातले, एक उत्पन्नाचे आणि एक राहण्याचे. यांपैकी घरभाडे भत्ता मिळतो तो दाखल्यातल्या घराच्या नावाने. सगळेच कर्मचारी असे करतात, असे मुळीच नाही. पण अशी उदाहरणे मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी शोधावी लागत नाहीत.

यातली खोट्या दाखल्याची बाजू सोडून दिली तरी मूळ प्रश्न उरतोच. कारण दुसरे घर भाड्याने देऊन घरभाडे भत्ता घेणे हे बहुतेक प्रसंगी बेकायदा नाहीच. केंद्र सरकारचे नियम याबाबतीत अगदी मोकळे आहेत. स्वतःच्या घरात राहणाऱ्यालाही भत्ता मिळतो आणि नेमणुकीच्या गावी स्वतःचे घर असूनही दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणाऱ्यालाही तो मिळतो. १९६१ च्या आयकर कायद्याने तर यावर कळस चढविला. घरभाडे भत्त्यावरील करातून सूट, दिलेल्या घराच्या भाड्यातून तीस टक्के सरसकट वजावट आणि त्याच घराच्या कर्जावरील व्याजाचीही वजावट, अशा तिन्ही सवलती एकाच व्यक्तीला एकाच वर्षी घेता येऊ लागल्या. २०२० नंतरच्या नव्या करप्रणालीत भत्त्यावरची सूट नाही हे खरे. परंतु जुनी प्रणाली निवडण्याची मुभा ठेवण्यात आली, आणि जिला मोठे गृहकर्ज व मोठे भाडे आहे ती मंडळी कोणती प्रणाली निवडतील हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

रकमेचा विचार केला म्हणजे विषमता अधिक ठळक दिसते. सातव्या वेतन आयोगाने शहरांचे तीन वर्ग पाडून मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के असे भत्त्याचे दर सुचविले आणि महागाई भत्ता वाढेल तसे ते दर वाढण्याची सोयही ठेवली. सर्वांत खालचा, ८ टक्क्यांचाच दर धरू. पन्नास हजार मूळ वेतनावर महिन्याला चार हजार रुपये होतात. ग्रामीण घरकुलासाठी सपाट प्रदेशात २०१६ साली ठरलेली रक्कम एक लाख वीस हजार होती. त्यात राज्याने नंतर भर घातली. म्हणजे एका भूमिहीन कुटुंबाला आयुष्यात एकदा जे मिळावयाचे, ते या कर्मचाऱ्याच्या खात्यावर तीस महिन्यांत जमा होते आणि निवृत्तीपर्यंत होत राहते. शिवाय हा भत्ता भाड्यावर नव्हे, वेतनावर मोजला जातो. ज्याचा पगार मोठा त्याची निवाऱ्याची गरजही मोठी, असे हे गणित आहे. घर स्वतःचे असले की भत्ता निवाऱ्याचा राहतच नाही. तो सरळ वेतनाचा एक भाग होतो. मग त्याला वेतनच म्हणावे आणि त्यावर वेतनासारखा कर घ्यावा. गरजेचे नाव त्याला कशासाठी?

शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. मुख्यालयी राहण्याची अट जुनीच आहे. ग्रामविकास विभागाने सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रामसेवक, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी गावी राहतात की नाही यासाठी ग्रामसभेचा ठराव आवश्यक केला. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षक मुख्यालयी न राहता भत्ता उचलतात, असा विषय उपस्थित केला आणि राज्यभर शिक्षक संघटना त्यांच्याविरुद्ध उभ्या ठाकल्या. त्या वादात दोन्ही बाजूंनी सोयीचे तेवढेच सांगितले गेले. खेड्यात राहण्याजोगे घर भाड्याने मिळत नाही, हे शिक्षकांचे म्हणणे पुष्कळ ठिकाणी खरे होते. शासकीय निवासस्थाने बांधण्याची जबाबदारी सरकारने टाकून दिली आणि तिच्या बदल्यात रोख रक्कम देऊन हात झटकले, ही गोष्ट टीका करणाऱ्यांनी सांगितली नाही. आणि राहता येत नाही म्हणून राहिल्याचा दाखला कसा काय घेता येतो, याचे उत्तर संघटनांनी दिले नाही. शिक्षकाला झोडपले की टाळ्या मिळतात. अधिकाऱ्याचा बंगला आणि आमदाराचा भूखंड मात्र सुरक्षित राहतो.

वरच्या थरातील मंडळींनी ‘नावावर घर नाही’ असे खोटे लिहून दिले तर काय होते, हे नाशिकच्या खटल्याने दाखवून दिले. मुख्यमंत्र्यांच्या दहा टक्के स्वेच्छाधिकार कोट्यातील सदनिका कमी उत्पन्नाच्या, घर नसलेल्या अर्जदारांसाठी होत्या. १९९५ सुमारास माणिकराव कोकाटे व त्यांच्या बंधूंनी खोटी माहिती देऊन अशा सदनिका मिळविल्याची तक्रार माजी मंत्री तुकाराम दिघोळे यांनी केली. निकाल लागला २० फेब्रुवारी २०२५ रोजी, दोन वर्षांच्या शिक्षेचा. तोवर आरोपी राज्याचे कृषिमंत्री झाले होते. डिसेंबर २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली आणि त्यांचे मंत्रिपद गेले. त्या शिक्षेला वरच्या न्यायालयात आव्हान देण्यात आले. अंतिम न्याय काय व्हावयाचा तो होईल. परंतु मानवतच्या मजुराच्या अर्जाची छाननी होण्यास तीस वर्षे लागत नाहीत, एवढे नोंदविणे भाग आहे.

हा रोग एकट्या भारताचा नव्हे. ब्रिटनमध्ये घरभाड्यासाठी सरकारी साह्य मागणाऱ्या कष्टकऱ्याजवळ सोळा हजार पौंडांहून अधिक बचत असली की साधारणपणे त्याचा अर्ज फेटाळला जातो. तिथल्याच खासदारांचे खर्चप्रकरण २००९ मध्ये उजेडात आले आणि गृहकर्जावरील व्याज सरकारकडून घेण्याची त्यांची सोय बंद झाली. तेव्हा काहींनी लंडनमधील स्वतःचे घर भाड्याने दिले, आपण दुसरीकडे भाड्याने राहावयास गेले आणि त्या भाड्याचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून घेतले. नियमांत ते बसत होते.

घरकुल मिळालेल्या गरिबाविषयीही एक शब्द बोलणे जरूर आहे, कारण प्रतिवाद तेथूनच येतो. घरकुले घेतात आणि भाड्याने देतात, अशी कुजबूज गावोगाव ऐकू येते. परभणी जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेले कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाचसहा महिने पाचटाच्या कोपीत राहते. मागे घरकुलाला कुलूप असते, नाहीतर म्हातारी आई असते, नाहीतर एखादा भाऊबंद असतो. त्या काळात कोणी चारपाचशे रुपये देऊन तेथे राहिला तर तो गैरवापर म्हणावयाचा काय? ज्याला गावात काम नाही म्हणून घर सोडावे लागते, त्याचे घर रिकामे राहणे आणि ज्याला दोन घरे झाली म्हणून एक भाड्याने देता येते, त्याचे घर रिकामे राहणे, या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. ज्यांच्याजवळ बांधावयास जागाच नाही त्यांची अवस्था तर याहून बिकट. जागाखरेदीसाठी राज्याने आधी पन्नास हजार व पुढे एक लाख रुपयांपर्यंत साह्य ठेवले. रस्त्याकाठच्या गावांत तेवढ्यात किती हात जागा मिळते, हे वाचकांनी आपल्याच गावी विचारून पाहावे.

मागणी साधी आहे. मजुराला विचारला जाणारा प्रश्न भत्ता घेणाऱ्या प्रत्येकाला विचारावा, शिपायापासून सचिवापर्यंत आणि आमदारालाही : तुमच्या व तुमच्या कुटुंबाच्या नावावर घर किती, कोठे, आणि त्यात कोण राहते? नेमणुकीच्या गावी किंवा रोज ये-जा करण्याच्या अंतरावर भाड्याने दिलेले घर असेल तर तेवढा भत्ता थांबवावा. त्यातून वाचणारा पैसा खेड्यांत शिक्षक व परिचारिकांची निवासस्थाने बांधण्यासाठी वेगळा ठेवावा, म्हणजे मुख्यालयी राहण्याची अट मागताना सरकारला मान खाली घालावी लागणार नाही. आणि ग्रामसभेत घरकुलाच्या यादीतील प्रत्येक नाव मोठ्याने वाचून त्यावर हरकती मागितल्या जातात, तसाच कर्मचाऱ्याच्या वास्तव्याचा ठरावही घर क्रमांक व घरमालकाचे नाव यांसह त्याच बैठकीत वाचला जावा.